टेकडीवर कधीच न उतरलेला

मित्रांनो, मी रवांडातला एक जुना ड्रोन आहे. पंखांना ठिगळे, आणि स्वभाव जरा गर्विष्ठ. रक्ताच्या पिशव्या अन् औषधे टेकड्यांवरच्या दवाखान्यांत पोचवणे हे माझे काम. मी कुठे उतरत नसे. दवाखान्यावर घिरटी घालायची, कागदी छत्रीला बांधलेले खोके खाली सोडायचे आणि माघारी वळायचे.

एकदा एका बाळंतिणीसाठी रक्त नेले. ती वाचली. पुढच्या खेपेला पाहतो तर तिची सासू, न्यिरामाना आजी, रताळ्यांची टोपली घेऊन शेतात उभी. आमच्याकडे काही घेऊन येणाऱ्याला रिकाम्या हाताने धाडत नाहीत.

"उतर रे बाळा, दोन रताळी घेऊन जा," ती म्हणाली.

"आजी, त्याला उतरता येत नाही," नर्स इमाक्युले म्हणाली.

"म्हणजे? आईनं काही वळण लावलं नाही का याला?"

मला फार वाईट वाटले. त्या टेकडीवर एकदा तरी टेकावे, ही ओढ तेव्हा लागली ती लागलीच.

कौतुक वाढले तशी बोलावणीही वाढली. तापाच्या गोळ्या संपल्या, बोलवा ड्रोन! मग पर्यावरणाचा हिशेब तपासायला क्लॉडीनबाई आल्या. मी धूर सोडत नाही, तेव्हा शाबासकी ठरलेलीच, असे मला वाटले. त्यांनी माझी वीज मोजली, थकलेल्या बॅटऱ्यांचा ढीग पाहिला आणि विचारले, "परत येताना हा काय आणतो?"

"काही नाही. रिकामाच येतो," मला उडवणारा तंत्रज्ञ म्हणाला.

मोटारसायकलवाला त्वागिरा मिशीत हसला. "बाई, मी कधी मोकळा येत नाही. परवा नवरी आणली, तिच्या शेळीसकट."

तो दवाखान्याच्या वाटेने रोज जातोच, मग गोळ्या त्याच्याकडेच द्या, असे बाईंनी ठरवले. ड्रोन फक्त कुणाचा जीव धोक्यात असेल तेव्हा. ऐकून मी खट्टू झालो, पण त्यांचे म्हणणे खरे होते.

आता मी बहुतेक वेळ मांडणीवर पडून असतो. दारातून आभाळाचा तुकडा दिसतो आणि जीव कासावीस होतो. मात्र फोन वाजतो तेव्हा कुठेतरी एखाद्या आईचे रक्त वाहत असते. म्हणून मित्रांनो, चालत जाऊन आणता येईल त्यासाठी आम्हांला उडवू नका. आज मला कुणी बोलावू नये, असे मी रोज सकाळी मागतो, आणि दिवसभर फोनकडे बघत बसतो.