प्रार्थनापुस्तकाचे शेवटचे पान

मित्रांनो, मी अकोल्यातले एक जुने प्रार्थनापुस्तक आहे. माझ्या प्रत्येक पानावर वर हिब्रू अक्षरे आहेत आणि खाली त्यांचा मराठी अर्थ. मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांसाठी मला मुंबईत छापले. शाईचा वास अंगाला असतानाच बिन्यामीन किहीमकर नावाच्या रेल्वे गार्डने मला घेतले आणि आपल्या पेटीतून वऱ्हाडात आणले.

त्या काळी अकोल्यात, स्टेशनजवळ, दोन खोल्यांचे प्रार्थनाघर होते. आमचे सिनेगॉग तेच. शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, सुरू होतो. त्याआधीच तिथे तेलाचे दिवे लागत आणि पंधरा-सोळा घरची माणसे जमत. पूर्ण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. कधी नऊच भरत. मग मूर्तिजापूरहून येणाऱ्या बिन्यामीनची सगळे वाट पाहत. मी कुणाच्या तरी मांडीवर उघडे पडून असे. खिडकीतून पिवळे ऊन माझ्यावर येई आणि अक्षरे पाण्यात हलल्यासारखी वाटत. दुरून गाडीची शिट्टी ऐकू आली, की माणसे टोप्या सारख्या करत आणि हसत.

पुढे एकेक घर इस्राएलला गेले, कुणी पनवेलला, कुणी ठाण्याला. प्रार्थनाघराला कुलूप लागले. मी बिन्यामीनच्या मुलीकडे, एलिशेबाबाईंकडे आले. त्या शाळेत शिक्षिका होत्या, एकट्याच राहत. दर शुक्रवारी दिवे लावून त्या मला वाचत, आधी हिब्रू, मग मराठी. एवढ्या माणसांची प्रार्थना आता एकाच आवाजावर आली होती, म्हणून की काय, त्या मोठ्याने वाचत. मला वाटे, गेलेली सगळी माणसे भिंतींना टेकून ऐकत उभी आहेत.

मागच्या वर्षी बाईंना अर्धांगाचा झटका आला. त्यांचा भाचा शिमशोन त्यांना पनवेलला घेऊन गेला. घर आठ महिने बंद राहिले. कपाटाच्या फळीतून वाळवी चढली. शुक्रवारच्या प्रार्थनेचे माझे शेवटचे पान सुटे झाले होते आणि खाली लोंबत होते. वाळवीने त्याचा खालचा अर्धा भाग खाल्ला. हिब्रू उरले, मराठी गेले. मला दुखले नाही, पण त्या जागी वारा लागू लागला.

बाई परतल्या, तो शुक्रवारच होता. दुपारी त्यांनी मला उघडले. ते पान पाहून त्या डोळे मिटून आठवू लागल्या. ओठ हलले, शब्द आले नाहीत. आजाराने तेही नेले होते. शिमशोनने फोनवर बराच शोध घेतला. हिब्रू सगळीकडे सापडत होते. हा मराठी अर्थ कुठेच नव्हता. आमच्यात फाटके धर्मपुस्तक रद्दीत देत नाहीत, कब्रस्तानात मानाने पुरतात. शिमशोन हळूच म्हणाला, की आता तेच करावे. बाईंनी मान हलवली आणि मला पांढऱ्या फडक्यात गुंडाळले.

तेवढ्यात शेजारच्या पार्बताबाई बाईंना भेटायला आल्या. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. पुस्तक पुरायचे आहे, हे शिमशोनकडून कळल्यावर त्यांनी विचारले, "बाई, याले मातीत कावून घालता?"

"पान गेलं, पार्बता. माझ्या डोक्यातूनही गेलं."

पार्बताबाई जमिनीवर बसल्या. "मले येते ते. तीस वर्सं भितीपलीकडून आयकून राह्यली मी. तुमी लिवा."

पार्बताबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी डोळे मिटले आणि बाईंच्याच चालीत म्हणू लागल्या. शब्बाथ लागल्यावर लिहिता येत नाही, आणि ऊन तर अंगणातून निघून कुंपणावर चढले होते. बाईंचा उजवा हात थरथरत होता. शिमशोन म्हणाला, "आत्या, मी लिहितो." बाईंनी त्याला फक्त कागद धरायला सांगितला.

ओळी वाकड्या आल्या, पण आल्या. माझ्यात छापलेली शेवटची ओळ अशी होती: वाट चुकलेल्यांना घराचा दिवा दिसो. पार्बताबाई मात्र 'दिसू दे' म्हणाल्या. बाईंची लेखणी क्षणभर थांबली. मग त्यांनी 'दिसू दे' असेच लिहिले. सूर्य मावळायच्या आत लेखणी खाली ठेवली गेली. बाईंनी दिवे लावले, तो कागद माझ्यात ठेवला आणि वाचू लागल्या. जिथे त्या अडखळल्या, तिथे पार्बताबाईंनी शब्द पुढे केला.

सोमवारी शिमशोनने मला जुन्या शहरात चंद्रभान बाइंडरकडे नेले. त्याने पान चिकटवले, पाठीला नवे कापड लावले. आता माझ्यात एक पान छापलेले नाही, हाताने लिहिलेले आहे. माझी बोटे असती, तर मी सारखे तेच उलटून पाहिले असते.

मित्रांनो, पुस्तकांना अधूनमधून ऊन दाखवा, कपाट झाडत जा. पण तेवढ्याने पुस्तक वाचत नाही. घरात कुणी ऐकणारे नसले, तरी कधीतरी ते मोठ्याने वाचा.