कारभारी हरवले

आवडाबाईंनी देवीच्या ओटीचे, खण-नारळाचे ताट पदराआड धरले, रांगेतून दोन पावले पुढे सरकल्या आणि मागे वळून पाहिले. बद्रीनाथ तेथे नव्हते.

नवरात्राची सातवी माळ होती. कर्णपुऱ्याच्या देवळापुढील मैदान माणसांनी भरून गेले होते. रहाटपाळण्यांची घरघर, पिपाण्या, शेव-रेवड्यांच्या गाड्यांवरील गर्दी, आणि त्या सर्वांवर पसरलेली संध्याकाळची पिवळी धूळ. आवडाबाईंनी उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले. पांढरा पटका आणि धोतर शोधावे, तर प्रत्येक तिसरा वृद्ध त्याच वेषात होता.

अजिंठ्याजवळ वाघूर नदीकाठच्या एका वाडीवर जन्म काढलेले हे दांपत्य दोन वर्षांपूर्वी मुलाकडे शहरात आले होते. मुलगा बन्सी वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होता आणि पदमपुऱ्यात एका खोलीत राहत होता. रात्रपाळी करून तो दिवसा झोपे. बद्रीनाथांची स्मृती याच सुमारास विझू लागली होती. ते दिवसभर स्वतःशी बोलत, कधी उठून दावणीकडे जायला निघत, आणि दावण तर तीस कोसांवर राहिली होती. मुलाची झोप मोडू नये म्हणून आवडाबाई पतीला घेऊन सकाळीच बाहेर पडत. जेथे कोणी पैसा मागणार नाही अशी ठिकाणे त्यांनी हळूहळू हेरली. खडकेश्वराच्या ओट्यावर बसावे. महमूद दरवाजाच्या पुलावरून पाणचक्कीच्या हौदात पडणारे पाणी ऐकावे. शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याखाली उभे राहून बाजार पाहावा. काही घ्यायचे नसले म्हणजे बाजारासारखी करमणूक नाही. शुक्रवारी मकबऱ्यात तिकीट नसे, म्हणून शुक्रवारी तेथे जावे आणि घुमटाच्या सावलीत भाकरी सोडावी. शहराने या दोघांना आपल्या घरात फारसे घेतले नव्हते, परंतु आपले अंगण मोकळे ठेवले होते, आणि त्या अंगणात आवडाबाई पतीचा हात धरून फिरत होत्या.

हात मात्र कधी सोडला नव्हता. आज ओटीचे ताट सावरताना तो क्षणभर सुटला.

"दगडाबाई, आमचं माणूस बघितलं का गं?" त्यांनी रांगेतल्या शेजारणीला विचारले.

"आत्ता तर व्हते हितं. दाव्याच्या दुकानापाशी उभं राहून दावं चाचपत व्हते."

गुरांच्या दाव्यांच्या त्या दुकानात दुकानदार म्हणाला की, एक म्हातारा दावे घेऊन गेला खरा. पैसे विचारले तर "बैल बांधून येतो" म्हणाला. आवडाबाईंना सारे उमगले. बैल म्हणजे पाखऱ्या, आणि पाखऱ्या जाऊन कितीतरी वर्षे लोटली होती. पाखऱ्या सुटला असे एकदा मनाने घेतले की बद्रीनाथ थांबत नसत. वाट, रस्ता, विहीर, काही पाहत नसत. वाडीवर असताना एकदा ते कड्याच्या टोकाशी सापडले होते. येथे मैदान संपले की बाभळी होत्या, आणि बाभळींच्या पलीकडे आगगाडीचे रूळ.

खिशात फोन बाळगण्याचे दिवस अजून यायचे होते. बन्सी त्या आठवड्यात दुपारच्या पाळीला जात होता आणि सून बाळंतपणासाठी माहेरी होती. आवडाबाई गर्दी कापत हरवलेल्यांच्या मंडपाकडे निघाल्या.

त्या मंडपात दरवर्षी विनावेतन सेवा करणारे पद्माकरशास्त्री बसले होते. संस्कृत शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. निवृत्त झाल्यावर नवरात्राचे नऊ दिवस ते देवीच्या पायाशी ध्वनिक्षेपकापुढे बसत. शेजारी त्या यंत्राचा मालक शौकत तारा सांभाळत असे.

"काय झाले, माउली?"

"आमचं कारभारी हरवलं हो, बुवा. लवकर पुकारा."

"वेष?"

"पांढरा पटका, धोतर. हातात दावं हाय. डोकं ठिकाणावर नसतं त्यांचं, रुळाकडं गेलं तर?"

शास्त्रीबुवांनी घसा साफ केला. चिंचेच्या झाडाला बांधलेल्या भोंग्यातून त्यांचा संथ, रेखीव स्वर मैदानावर पसरला. "सर्व भाविकांस नम्र विनंती. कारभारी या नावाचे वयोवृद्ध गृहस्थ आपल्या कुटुंबीयांपासून दुरावले आहेत. शुभ्र पटका, धोतर, हाती दोर. श्री. कारभारी यांनी जेथे असतील तेथून ध्वनिक्षेपकाच्या मंडपाशी यावे."

आवडाबाईंना काहीच वावगे वाटले नाही. आपल्या कारभाऱ्यांना बुवा बोलावीत आहेत, एवढेच त्यांनी ऐकले. त्या मंडपाच्या खांबाला धरून वाट पाहू लागल्या.

थोड्याच वेळात गर्दीतून एक पटका पुढे आला. आवडाबाई धावल्या आणि जागीच थबकल्या. तो कोणी दुसराच होता. जाडजूड, हातात कागदाचे भिरभिरे.

"मी कारभारी, गंगापूरचा. काय काम हाय?"

"आपण हरवला आहात का?" बुवांनी विचारले.

"मी कशाला हरवतो? बायको हरवलीया माझी. पण तिला काय मी शोधत न्हाय."

त्याचे बोलणे संपते न संपते तोच दुसरा आला. "मीबी कारभारी. दावं न्हाय माझ्याकडं, पण म्हनलं बघावं, कुणी बोलावलं."

शौकत कपाळावर हात मारून हसला. "बुवा, बस करा. आमच्या इलाख्यात दर चौथ्या घरी एक कारभारी हाय. सकाळपर्यंत रांग लागंल."

"ह्यातलं एकबी माझं न्हाय!" आवडाबाई ओरडल्या. "माझं कारभारी म्हंजी माझं… घरधनी!"

शास्त्रीबुवांचा चेहरा उतरला. त्यांच्या हजेरीपटावर दरवर्षी कारभारी नावाचे दोन-तीन विद्यार्थी असत. त्या शब्दाने पत्नी पतीला संबोधते हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही, पण घाईत कानांनी अर्थ न पाहता नाव धरले होते. आणि या घोटाळ्यात सूर्य बाभळींच्या रेषेला टेकला होता.

"माउली, क्षमा करा. यजमानांचे नाव सांगा, मी लगेच पुकारतो."

आवडाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"सांगा की, मावशी," शौकत म्हणाला.

"न्हाय घेता येत, बाबा. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य उणं व्हतं. सासूबाईंनी सांगितलं व्हतं. लग्न झाल्यापास्नं तोंडातून काढलं न्हाय."

"अन् त्यांचं आयुष्य तिकडं रुळाकडं चाललंय त्याचं काय?"

"म्हनूनच न्हाय घेत!" त्यांचे डोळे भरून आले. "आजच्याच दिवशी घेऊ का?"

शौकतची आई जमिलाबी त्याच्या वडिलांना जन्मभर "शौकत के अब्बा" म्हणत आली होती. वडील गेले तेव्हाही तिने त्यांचे नाव घेतले नव्हते.

शास्त्रीबुवा स्वर उतरवून म्हणाले, "नाव घेऊ नका. खूण सांगा."

"देवाचं हाय. लई वर, बर्फात बसलेला देव."

"केदारनाथ?"

"त्याच्या शेजारचा."

"बद्रीनाथ!"

आवडाबाईंनी मान खाली घातली आणि हात जोडले.

नाव दोनदा पुकारले गेले, तिसऱ्यांदा पुकारले गेले. मैदानावर काही हालले नाही. ज्या माणसाला स्वतःच्या मुलाची ओळख पटत नव्हती, त्याला भोंग्यातल्या परक्या स्वरातले, 'श्री.' लावलेले आपले नाव कसे ओळखू येणार?

तेवढ्यात बंदोबस्तावरचा होमगार्ड फकिरा धापा टाकत आला. "बुवा, तुमचा तो दावंवाला म्हातारा मी बघितला. बाभळीतनं रुळाकडं चालला व्हता. मी म्हनलं, आजोबा, कुठं? तर म्हनला, पाखऱ्या सुटलाय."

"मग अडवला का नाहीस?"

"मला काय ठावं? जत्रंला लोक गाड्या जुंपून येत्यात. वाटलं, खरंच सुटला असंल बैल. हितं येऊन ऐकलं तवा डोक्यात परकाश पडला."

"धाव," बुवा म्हणाले. फकिरा वळला आणि धावत सुटला. आवडाबाईही निघाल्या, परंतु आरतीची वेळ झाल्याने सगळी जत्रा देवळाकडे लोटत होती, आणि त्या लोंढ्याने त्यांना दोनदा मंडपाच्या खांबाशी आणून टाकले. दूर पश्चिमेला, मनमाडकडून, गाडीची शिट्टी ऐकू आली. बारीक, पण स्पष्ट.

"शौकत, भोंगा रुळांकडे फिरव."

शौकत चिंचेवर चढला. भोंग्याचे तोंड देवळावरून फिरून बाभळींकडे झाले. शास्त्रीबुवांनी ध्वनिक्षेपक आवडाबाईंच्या पुढे धरला. "आता तुम्हीच हाक द्या. आमची हाक त्यांना परक्याची वाटते."

आवडाबाईंनी ओटीचे ताट कडेला ठेवून दोन्ही हातांनी दांडी धरली. "आवं…" त्यांचा स्वतःचा स्वर आभाळातून परत आला तशा त्या दचकल्या. "आवं, ऐकलं का? आवं, माघारी फिरा…"

मैदानावरचे कितीतरी पुरुष एकदम थांबले. भजी खात असलेल्या एकाने हातातला कागद पाठीमागे लपवला. बायका खळखळून हसल्या. रुळांच्या बाजूने मात्र कोणी आले नाही. 'आवं' ही हाक साऱ्या मुलखाची होती. बद्रीनाथांची एकट्याची नव्हती.

शिट्टी पुन्हा झाली. या वेळी जवळून.

आवडाबाई क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या. लोकाचाराने जे दार बंद केले, त्याला एक खिडकी ठेवली होती. मंगलप्रसंगी, चारचौघांसमोर, काव्याच्या आडोशाने पतीचे नाव घ्यावे. ती खिडकी त्यांनी एकदाच उघडली होती, लग्नाच्या मांडवात, जेव्हा त्यांना पतीचा चेहराही नीट दिसला नव्हता.

"बुवा," त्या हळूच म्हणाल्या, "देवीच्या दारात घेतलं तर चालंल ना हो? उणं न्हाय ना व्हनार?"

शास्त्रीबुवांनी देवळाच्या कळसाकडे पाहिले. "देवीच्या दारात घेतलेले नाव आयुष्य वाढवते," ते म्हणाले. असे वचन त्यांनी कोणत्याही ग्रंथात वाचलेले नव्हते. जन्मभर आधारावाचून वाक्य न बोललेला तो मनुष्य त्या क्षणी निराधार बोलला, आणि त्याची वाणी कापली नाही.

आवडाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला, ओटीचे ताट कमरेशी घेतले आणि नव्या नवरीसारखी मान किंचित लववली.

"वाघूर घेते सात उड्या, पाणी पडतं कुंडात,
बद्रीनाथांचं नाव घेते भरल्या जत्रंत."

मैदानावरचे हसू विरले. रांगेतल्या बायकांनी ऐकले, आणि ही चेष्टा नव्हे हे त्यांना कळले. एका म्हातारीने हात जोडले. आवडाबाईंनी पुन्हा तेच म्हटले, आणखी मोठ्याने. मग गाडी आली. तिच्या धडधडाटाने जमीन हादरली; भोंगा, पिपाण्या, आरतीची घंटा, सारे त्या आवाजात बुडाले. डबे मोजता येऊ नयेत इतके लांबत गेले. आवडाबाईंनी दांडी सोडली नाही. त्यांचे ओठ तेच शब्द म्हणत होते, आणि कोणालाच ऐकू येत नव्हते.

गाडी गेली. बाभळींवर धूळ बसू लागली. शौकत झाडावरूनच हाताने डोळ्यांवर छाया करून पाहत होता.

"येतंय कुणी तरी," तो शेवटी म्हणाला. "दोघं हायेत. म्होरल्याच्या हातात दावं हाय."

गर्दीने आपण होऊन वाट दिली. पुढे बद्रीनाथ, मागे घामाने भिजलेला फकिरा.

"मी हाका मारून मेलो," फकिरा सांगू लागला, "खडीच्या ढिगावर चढले व्हते, रुळापास्नं दोन हातांवर. ऐकतच नव्हते. मग भोंग्यातून बाईचं नाव घेणं आलं. तसे थबकले. जरा हसले. अन् स्वतःच माघारी फिरले, बुवा. मी धरलंसुदिक न्हाय. गाडी पाठीमागनं गेली."

बद्रीनाथ आवडाबाईंपुढे येऊन उभे राहिले. इतक्या लोकांत उभे राहण्याचा त्यांना संकोच वाटत होता. त्यांनी पत्नीकडे पाहिले, आणि कपाळावर एक बारीक आठी उमटली.

"चुकलीस तू," ते म्हणाले. "जत्रंत नव्हं. भरल्या मांडवात."

आवडाबाईंचे रडू आणि हसू एकदमच बाहेर पडले. "व्हय, चुकले. लई दिसांनी घेतलं न्हवं का."

"म्होरल्या बारीला नीट घे. लोक हसत्यात."

शास्त्रीबुवांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला. नाव आता त्यांना ठाऊक होते, तरी त्यांनी ते घेतले नाही. "सर्व भाविकांस कळविण्यास आनंद होतो की, आवडाबाईंचे कारभारी सापडले आहेत."

"कोन सापडलं?" बद्रीनाथांनी विचारले.

"हायेत एक," आवडाबाई म्हणाल्या. त्यांनी दाव्याचे एक टोक पतीच्या हाती तसेच राहू दिले आणि दुसरे आपल्या मनगटाला गुंडाळले. दाव्याचे पैसे दुकानदाराला द्यायचे राहिले होते. त्यासाठी ती दोघे दुकानाच्या वाटेने निघाली.

"पाखऱ्या?"

"गेला म्होरं घरी. चला."