फ्रिजची मूठ

वडिलांचा जुना फ्रिज दुरुस्त करायला घेतला, तेव्हापासून मी वहिनींच्या डोळ्यांत खुपत होते. म्हणजे असं मला वाटत होतं. त्या ताकास तूर लागू देतील तर शपथ.

नवरा गेल्यावर मी भावाच्या घरी राहायला आले. दादानं आनंदानं मागची खोली दिली, पण घर चालवतात वहिनी, आणि त्यांची माझ्यावर पाळत होती. मी अंघोळीला गेले की या भाजी निवडायला नेमक्या न्हाणीघराबाहेर येऊन बसणार. एवढं मोठं घर, पण बसायचं तिथेच. मी किती पाणी ओतते ते बघत असणार, दुसरं काय? आतून कडी लावायची मला लहानपणापासून सवय नाही, जीव घाबरा होतो. त्यावरून सगळे मला चिडवतात. वहिनी मात्र कधीच चिडवत नाहीत, आणि अशा माणसाचा मला जास्त संशय येतो.

फ्रिज अडगळीच्या खोलीत पडून होता. गोलसर खांद्यांचा, हलवायला चार माणसं लागतील असा. मी त्याचा गंज पॉलिश पेपरनं घासून काढला, दाराचं रबर बदललं, रंग दिला. मेकॅनिक कॉम्प्रेसर तपासून गेला, चालेल म्हणाला. राहिली होती दाराची मूठ. ओढली की खट्ट आवाज करून दार उघडायचं, ढकललं की पक्कं बसायचं. तोंड दिसेपर्यंत मी ती चकाकवली आणि बसवली. दुसऱ्या दिवशी तिचे स्क्रू गायब. नवे आणले, तर मूठच गायब. ती सापडली रंगाच्या डब्यांमागे, पोत्याखाली.

माझ्या मनात पाल चुकचुकली. आधी फ्रिजची उचलबांगडी, मग माझी. या वयात मी दुसरं घर कुठे शोधू? भीती वाटत होती आणि भीतीपेक्षा राग जास्त येत होता. मी मूठ पुन्हा बसवली आणि तिच्या मागच्या बाजूला काळं ग्रीस फासून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मूठ पुन्हा नाहीशी झाली. दुपारी जेवताना मी वहिनींची बोटं निरखली. स्वच्छ होती. मग दादानं पाण्याचा पेला उचलला. त्याच्या नखांत काळं होतं.

वहिनींशी मी भांडले असते, दादाशी काय भांडू?

"मी नकोशी झाले असेन तर तोंडावर सांग," मी म्हटलं. "माझ्या कामात असा खोडा कशाला घालतोस?"

दादानं शेजारी जेवत बसलेल्या त्याच्या छोट्या नातीला अंगणात पिटाळलं. मग म्हणाला, "ते दार फक्त बाहेरून उघडतं. आणि ही पोर दिवसभर लपाछपी खेळते."

"एवढं सरळ सांगता येत नव्हतं?"

"मग पुढचंही सांगावं लागलं असतं."

पुढचं त्यानं ताटाकडे बघत सांगितलं. मी तीन वर्षांची होते. फ्रिज धुवायला बंद केला होता, कप्पे काढून उन्हात ठेवले होते. राज्य दादावर होतं. त्यानं पलंगाखाली पाहिलं, कपाटं पाहिली, सगळं घर पालथं घातलं. फ्रिजमध्ये कोण बघणार? वडील कप्पे बसवायला आले म्हणून दार उघडलं गेलं. तोवर मी निळी पडले होते. संध्याकाळी फ्रिज अडगळीत गेला. आईनं सगळ्यांना बजावलं, पोरीला यातलं काही आठवत नाही, आठवण करूनही द्यायची नाही.

"तू कडी लावत नाहीस ती त्यामुळे," दादा म्हणाला. "सगळे हसतात तेव्हा मला खाली बघावं लागतं."

"वहिनींना माहीत आहे?"

"लग्न झाल्यावरच सांगितलं. तू माहेरी आलीस की न्हाणीघरापाशी कुणीतरी बसायला हवं ना. उगाच कोणी दार ढकलायला नको."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या मला भात वाढत होत्या. मला फार लाज वाटली.

मुठीची भोकं मी बुजवून टाकली आणि मेकॅनिककडून चुंबकाचं रबर बसवून घेतलं, म्हणजे आतून नुसतं ढकललं तरी दार उघडेल. दादानं दार लावून एका बोटानं त्याची कड ओढून पाहिली. दार उघडलं. त्यानं पुन्हा पाहिलं, मग पुन्हा. मी त्याला थांबवलं नाही.

सकाळी अंघोळीला गेले. वहिनी भाजीचं ताट घेऊन आल्या आणि जागेवर बसल्या. मी दार नुसतं लोटलं.

"वहिनी, आहात ना?"

"आहे," त्या म्हणाल्या. "सावकाश होऊ द्या."