माझ्या अंगावरचे ढग

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. काळा नव्हे हं, पांढरा. कणकवलीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर झेरॉक्सच्या दुकानाचा जिना चढून आलात, की एक छोटंसं सॉफ्टवेअरचं ऑफिस लागतं. तिथल्या भिंतीवर मी असतो. माझा एक कोपरा फुगलाय आणि पेनं ठेवायची पट्टी वाकडी झालीय. पण म्हणून मला कोणी भंगारात काढायचं नाही, आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. टेम्पोतून घाट उतरलो तो थेट दहावीच्या क्लासमध्ये आलो. तिथे मी बीजगणित शिकलो. शिकलो म्हणजे अंगावर झेललं! सरांनी एकदा न पुसणाऱ्या पेनने 'शांतता राखा' असं लिहिलं, ते माझ्या खांद्यावर अजून अंधूक दिसतं. पुढे क्लास बंद पडला आणि एक अख्खा पावसाळा मी जिन्याखाली मोडक्या बाकांबरोबर काढला. अंगाला बुरशी आली. कोणी ढुंकूनही बघत नव्हतं.

तिथून मला सुहानाने उचललं. तिने मऊ फडक्याने मला असं पुसलं, की मी नवाच झालो. तिचे वडील जमालभाई बंदरात होडी चालवायचे. सुहाना मात्र कॉम्प्युटर शिकली आणि तिने विनीतबरोबर हे ऑफिस थाटलं. विनीत कोड लिहितो. काय लिहायचं ते ठरवण्याचं काम सुहानाचं, आणि ते ठरतं माझ्या अंगावर.

तिची पद्धत मला फार आवडते. कसं करायचं ते ती आधी विचारतच नाही. काय हवंय ते सगळ्यात वर लिहिते. त्याखाली तिथे पोचायच्या वेगवेगळ्या वाटा. बाजूला ढग काढते, आणि ढगात माणसांच्या मनातल्या गोष्टी लिहिते. मग प्रत्येक वाट कुठल्या ढगाला मदत करते आणि कुठल्याच्या आड येते, याचे बाण. शेवटी तळापासून बाणाबाणाने वर जात खुणा करायच्या: बरोबर, चूक, नाहीतर अर्धवट. वर पोचेपर्यंत कळतं, कुठली वाट बरी.

यंदा काम आलं देवबागच्या मच्छीमार संस्थेचं. गेल्या हंगामात काशीरामच्या होडीचं इंजिन समुद्रात बंद पडलं. त्याची बायको गंगू रात्रभर वाळूत बसून होती. तो सुखरूप आला, पण गंगू ते विसरली नाही. इथे येऊन, या खुर्चीत बसून ती म्हणाली, "गो सुहाना, माझो घोव परत येता काय, ता माका कळाक व्हया. बाकी माका काय नको."

सुहानाने तेच सगळ्यात वर लिहिलं. खाली दोन वाटा काढल्या. पहिली, होडी कुठे आहे ते सगळ्यांना नकाशावर दिसावं. दुसरी, निघताना फोनने नाखव्याला विचारावं, 'कुठे चाललात, कधी परत येणार?' आणि उत्तर फक्त घरी कळवावं. 'मासळीची जागा इतरांना कळू नये' या ढगाने पहिली वाट पाडली. दुसरीला सगळीकडे बरोबरच्या खुणा! माझी तर छाती फुगली. विनीतने माझा फोटोसुद्धा काढला.

आणि मग ॲप सुरू झालं, त्या पहिल्याच दिवशी काशीरामचा फोन आला. आवाज असा चढलेला, की मीसुद्धा खिळ्यावर हललो.

"दर्यात जातल्याक खंय म्हणान विचारता तुमचो फोन? आज होडी जावची नाय!"

त्याने होडी परत वर ओढली होती. त्याचं बघून बाकीच्यांनीही ॲप काढून टाकलं. सोमवारी संस्थेची सभा होती, आणि सभेत हे काम बंद होणार हे नक्की दिसत होतं. म्हणजे गंगू पुन्हा वाळूतच बसणार. मला त्या बाईचं फार वाईट वाटलं.

विनीतने पुसणी उचलली. "ता सगळा पुसूया आणि नकाशाच देऊया," तो म्हणाला. स्कूटरची चावी घेऊन सुहाना दाराकडे निघाली.

"खंय चललंस गो?" विनीतने विचारलं.

"जातल्याक खंय म्हणान विचारूचा नसता रे!" ती कडाडली, आणि उंबऱ्यातच थबकली. अपशकुन टळावा म्हणून परत फिरून ती खुर्चीत टेकली आणि कपाळावर हात मारून हसतच सुटली. "विनीत, माझ्या आईने बाबांना उभ्या जन्मात कधी हे विचारलं नाही. माझ्या हाडात मुरलंय ते, आणि मीच फोनला विचारायला लावलं!"

तिने नवा ढग काढला: 'निघताना कोणी काही विचारू नये.' त्याचा बाण दुसऱ्या वाटेला आडवा गेला, आणि बरोबरच्या खुणा एकेक करून चूक होत वर चढल्या. मला बघवेना. पण खाली जागा होती. तिथे तिसरी वाट आली: फोनने गप्प राहावं. रेंज असेपर्यंतची शेवटची जागा त्याने मुकाट्याने जपून ठेवावी. होडी खाडीत शिरली, की घरी निरोप जावा. फारच उशीर झाला, तरच ती जागा घरच्यांना दिसावी. दोघांनी एकेक बाण तपासला. या खेपेला मी छाती फुगवली नाही. देवाचं नाव घेतलं.

सभेने आणखी एक संधी दिली. पुढच्याच आठवड्यात गंगू केळीच्या पानात बांगडे बांधून घेऊन आली. बाजारात मासळी विकताना तिचा फोन वाजला होता. "इलो म्हणान कळला माका. गिऱ्हाइकाक सुटे देतंय आणि रडतंय," ती म्हणाली. मग माझ्यासमोर उभी राहिली. "ह्यात मी खंय आसंय गो?"

सुहानाने सगळ्यात वरची ओळ दाखवली. गंगूने त्या ओळीवर ओलं बोट टेकवलं, हळूच फिरवलं, आणि माझी निळी शाई तिच्या बोटाला लागली. ती घाबरली. सुहाना म्हणाली, "ऱ्हवांदे गंगूकाकी."

मित्रांनो, आम्हां फळ्यांना कोरड्या, मऊ फडक्याने पुसत जा, न पुसणारं पेन आमच्यापासून लांब ठेवा. आणि कोणासाठी काही बनवायला बसलात, तर त्याच्या मनातल्या ढगांना आमच्यावर जागा द्या. आता माझ्या अंगावर दुसरी कामं येतात नि जातात. फक्त गंगूची वरची ओळ तशीच आहे, आणि तिच्यात बोटाएवढी एक जागा पुसट आहे. विनीत रोज बाकीचं सगळं पुसतो आणि तिथे आला की हात मागे घेतो.