आईच्या दारावरून

आई सकाळपासून दारासमोर उभी. हातात दादासाठी बियरचा ग्लास, फेस कधीच बसलेला.

सायकलची शर्यत ज्याच्या गावातून जाते त्याला बाकीचे थोडं पुढं सोडतात. तो उतरतो, आईचा मुका घेतो, घोटभर पितो, परत घोळक्यात शिरतो. आमच्या फ्लँडर्समध्ये हे असंच. कुणी लिहून ठेवलं नाही, पण कुणी मोडतही नाही.

योरिसदादाची उमेदीची सगळी वर्षं टीममधल्या बड्यांना पाण्याच्या बाटल्या पोचवण्यात गेली. दम वाढवायला रक्त घट्ट करायची चोरटी इंजेक्शनं आली, सगळ्यांनी घेतली. यानं घेतली नाहीत, मागं पडत गेला. या वसंतात पेपरच्या बातमीदाराला हे सगळं सांगून बसला. नाव एकाचंही घेतलं नाही, तरी तेव्हापासून टीमच्या जेवणाच्या टेबलावर त्याच्या शेजारी कुणी बसत नाही. फोन्सकाकानं तर आपल्या बारमधला दादाचा फोटोच उतरवला. म्हणला, नसेल घ्यायचं तर नको घेऊ, पण बोंबलायचं कशाला? मी त्याच्या अंगावर धावून गेले, तर आईनं मलाच चिमटा काढला.

काल दादाचा फोन आला.

"उद्या सोडतात का बघू. सोडलं, तर मी अजून त्यांच्यातला."

"आणि नाही सोडलं तर?"

"मग काय, आईला भेटायला वेळच वेळ."

चर्चच्या वळणावरून तो एकटाच पुढं आला. लोक ओरडले. आईनं ग्लास उंच केला. मला मागचे दिसले. माना खाली घालून जीव तोडून पायडल मारत होते, आणि सगळ्यात पुढं दादाच्याच टीमची पिवळी जर्सी. दाराच्या अलीकडंच गाठलं त्याला. एकानं जाताजाता बाटली त्याच्या तोंडावर रिकामी केली. सगळे निघून गेले.

दादानं आमच्यासमोर ब्रेक दाबला.

आईनं मुका घेतला. "पी घोटभर. आणि पळ, लांब गेले ते."

त्यानं ग्लास तळापर्यंत रिकामा केला.

"पळ ना रे."

तो उंबऱ्यावर बसला. गर्दीत उभा फोन्सकाका स्वतःचे बूट बघत होता. मला शिव्या द्यायच्या होत्या. मी दादाची सायकल भिंतीला टेकवली.

मागून थांबलेल्यांना उचलणारी गाडी आली. त्यातला माणूस उतरला. दादानं उठून त्याच्याकडं पाठ केली. शर्यत सोडली की नंबर परत द्यावा लागतो; तो माणूस दादाच्या पाठीवरच्या नंबरच्या पिना काढायला लागला. एक अडकली. आई पुढं झाली, दादाला टोचू नये म्हणून जर्सीखाली बोट घातलं, आणि तिनंच ती सोडवली.