शेगडीपुढची काळी फरशी

मी एक जुनी काळी फरशी आहे, आणि सध्या माझ्या पाठीवर एक जडशीळ लोखंडी शेगडी चार पाय रोवून उभी आहे. तिच्या पोटात लाकडे जळतात. मित्रांनो, खोलीत येणारा प्रत्येक जण आधी तिचे कौतुक करतो. काचेच्या दारामागच्या ज्वाळा पाहतो, हात शेकतो. मग कधीतरी त्याची नजर खाली वळते. तिथे मी असते.

माझा जन्म खाणीतला. ज्या दगडाच्या पाटीवर पूर्वी मुले अक्षरे गिरवत, त्याच जातीची मी; पण चांगली दोन बोटे जाड आणि दाराएवढी लांबरुंद. कारागिरांनी पाणी सोडून मला इतके घासले, की माझ्यावर ठेवलेला चेंडू जागचा हलत नसे. मला एका क्लबातल्या बिलियर्डच्या टेबलात बसवले आणि वरून हिरवे कापड ताणले. त्या कापडाखाली माझी उमेदीची वर्षे गेली. चेंडू सरळ गेला की खेळाडूच्या मनगटाची वाहवा होई. वाकडा गेला की टेबल वाईट! पुढे क्लब बंद पडला. टेबलाच्या लाकडाला गिऱ्हाईक मिळाले, मला मिळाले नाही. भंगारवाल्याच्या भिंतीला टेकून मी ऊन-पाऊस खात राहिले.

त्याच गावात शिवणमावशींचे कपडे शिवण्याचे दुकान होते. खोली एकच, पण छतापर्यंत कापडाचे तागे. थंडीत त्यांची बोटे आखडत, सुई धड धरता येत नसे. म्हणून दर हिवाळ्यात दुकानाला कुलूप लागे. त्या वर्षी मात्र त्यांनी गावातल्या बँडपथकाचे सगळे कोट शिवायला घेतले होते. एवढे मोठे काम त्यांच्याकडे प्रथमच आले होते. त्यासाठीच ही शेगडी आणली. अडचण एकच होती. खोलीची जमीन लाकडी होती, आणि ती मावशींच्या दिराने, म्हणजे सुतारभावजींनी, स्वतःच्या हाताने बसवलेली होती.

भावजींनी तोडगा काढला. दगडासारखी नक्षी असलेले प्लास्टिकचे जाजम ते गुंडाळून घेऊन आले.

"बघा वहिनी, हुबेहूब दगड! आल्यागेल्याला ओळखू येणार नाही."

"आल्यागेल्याला नाही येणार हो, भावजी. निखाऱ्याला येईल."

मावशींनी जाजमाचा एक कोपरा कापला, इस्त्री कडक तापवली आणि त्यावर ठेवली. क्षणात तुकडा आक्रसला. असा काही वास सुटला की दोघांनी नाके दाबून खिडकी गाठली.

मग पत्रा शोधायला म्हणून दोघे भंगारवाल्याकडे आले. मावशींनी माझ्यावरची धूळ पदराने पुसली, नखाने टिचकी मारली आणि कान देऊन ऐकले. मी खणखणीत वाजले. कुठे तडा नाही, हे त्यांना कळले. चार हमालांनी मला हातगाडीवर चढवले.

दुकानात मला विटांवर टेकवून माझीही परीक्षा झाली. तीच इस्त्री, तसाच ताप. मी ढिम्म! भावजी टाळी वाजवून म्हणाले, "झालं! ठेवा फळ्यांवर आणि पेटवा शेगडी."

मावशींनी इस्त्री उचलली नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्याखाली हात घातला आणि मान हलवली. "ऊब खालपर्यंत येतेय. इस्त्रीची ही गत, तर शेगडी दिवसभर तापल्यावर खालच्या लाकडाचं काय होईल? भावजी, फळ्या काढाव्या लागतील."

"माझ्या फळ्या?" भावजींचा चेहरा उतरला. "एकेक सांधा जुळवलाय मी, वहिनी. वर्षं झाली, करकर म्हणून नाही."

"म्हणून तर तुम्हीच काढा. दुसरा कोणी उचकटून ठेवील."

भावजींनी एकेका सांध्यावरून हात फिरवला. पण फळ्या त्यांनीच काढल्या, खाली विटा आणि सिमेंटचा थरही त्यांनीच दिला. मग करवत आणली. शेगडीच्या पायांच्या मापाने मला कापून चौकोनी करायचे, म्हणजे नेटके दिसेल, असे त्यांचे म्हणणे.

"थांबा! दगड आहे तसाच राहू दे," मावशी म्हणाल्या. त्यांनी शेगडीचे दार सताड उघडले आणि खडूने माझ्यावर रेघ ओढली, दारापासून लांब, पार पुढे. "कोट अंगाबरोबर बेतला तर काखेत उसवतो. आम्ही शिलाईला माया सोडतो, म्हणजे बोटभर जास्तीचं कापड. आग काय शेगडीत बसून राहते? दारातून बाहेर येते. माया दाराच्या पुढे हवी."

"ही काळी अर्धी खोली खाईल, वहिनी."

"खाऊ दे. बाकीची अर्धी तरी राहील."

मी अखंड राहिले.

कोट जवळजवळ पुरे झाले होते त्या दुपारची गोष्ट. लाल कोटांचा ढीग जमिनीवर होता, भावजी बटणे मोजून देत होते. मावशींनी लाकूड सारायला दार उघडले आणि आतला पेटता ओंडका घरंगळून बाहेर आला. माझ्यावर आपटून तो फुटला. निखारे चहूकडे उधळले. एक लाल निखारा थेट कोटांच्या दिशेने सुटला. भावजींनी बादली उचलली.

"पाणी नको, फरशी तडकेल!" मावशी ओरडल्या. "कोट ओढा!"

तो निखारा माझ्या कडेपाशी आला, मंदावला, आणि माझ्याच अंगावर थांबला. पलीकडे वीतभर अंतरावर कोटाची बाही होती. मावशींनी चिमट्याने ओंडका उचलला, फावड्याने सगळे निखारे गोळा करून आत टाकले आणि दार लावले. माझ्यावर राहिली ती चिमूटभर राख. एकही फळी काळवंडली नाही, एका धाग्यालाही धग लागली नाही.

भावजींनी वाकून माझ्यावरची राख फुंकली. मग म्हणाले, "वहिनी, ही काळी आपली भारी निघाली."

"आणि तुमची करवत?"

"ती करवत मी आणलीच नव्हती," भावजी ठसक्यात म्हणाले, आणि दोघे पोट धरधरून हसले.

कोट ठरल्या दिवशी गेले. बँडवाल्यांनी ते दुकानातच चढवले आणि तिथेच ढोल-तुताऱ्यांचा असा दणका उडवला की तावदाने थरथरली. त्या हिवाळ्यात दुकानाला कुलूप लागले नाही, आणि त्यानंतरच्या कुठल्याच हिवाळ्यात नाही. आता भावजी कुणाच्याही घरी शेगडीखाली जमीन करायला गेले, की आधी म्हणतात, "शेगडीचं दार उघडून दाखवा."

मित्रांनो, तुमच्याही घरी अशी शेगडी असेल, तर तिच्यापुढच्या फरशीकडे एकदा नीट बघा. तिच्यावरची राख झाडत जा. तिथे ओले मोजे वाळत घालू नका, लाकडांची टोपली टेकवू नका, मऊ गालिचा अंथरू नका. एवढी जागा रिकामी कशाला, असे कोणी विचारले तर त्याला सांगा, ती रिकामी नाही. तिथे फरशी कामावर आहे.