निळ्या चपला आणि मी

मी एक जुना बूट आहे. उजव्या पायाचा. माझा डावा भाऊ शेजारीच बसला आहे, पण तो पहिल्यापासून अबोल; म्हणून दोघांच्या वतीने मीच बोलतो. मित्रांनो, आधीच कबूल करतो, माझा स्वभाव हेवेखोर आहे. आता ऐका.

जाड काळे रबर, नाकात पोलादी वाटी, तळव्यात पोलादी पत्रा, असा मी कारखान्यात घडलो आणि अग्निशमन केंद्रात माझ्या धन्यांच्या वाट्याला आलो. तिथे बूट कपाटात ठेवत नाहीत. ते बंबाच्या दाराशी मांडतात आणि जाड विजार आधीच त्यांच्यावर चढवून खाली गुंडाळून ठेवतात. घंटा झाली की नुसते पाय घालायचे, विजार वर ओढायची आणि धावायचे. आमच्या मोठ्या साहेबांचा आणखी एक दंडक होता : ओला बूट कामावर नाही. आगीवरून परतले की आमच्या पोटात जुनी वर्तमानपत्रे कोंबून आम्हाला सावलीत वाळवत, आणि तोवर दुसरी जोडी पहाऱ्यावर बसे. तेव्हाही मला त्या जोडीचा राग येई.

अकरा वर्षे मी शिड्या चढलो. केंद्र बघायला येणारी शाळेची मुले माझ्यात खांद्यापर्यंत हात घालून पाहत. मी फुगून जाई.

मग ती कापडाच्या गोदामाची आग आली. धन्यांचा जोडीदार चांगलाच ठेंगणा होता, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. दोघे आत असताना छप्पर कडाडले. साहेबांची शिट्टी झाली : सगळे बाहेर! धनी बाहेर आले. लंबू आला नाही.

धन्यांना सक्तीची रजा मिळाली. ते आम्हाला घरी घेऊन आले आणि दाराशी मांडले, विजार गुंडाळून, अगदी केंद्रासारखे. आमच्या आत त्या दिवसाचे पाणी तसेच होते. घरात ताट पडले, कोणी दार आपटले, की धनी ताडकन उठत आणि पाय माझ्यात घालत. मला काय आनंद होई! शेजारच्या निळ्या चपलांना मी म्हणे, "पाहिलंत? वेळेला मीच लागतो."

त्या चपला धन्यांच्या बायकोने बाजारातून आणल्या होत्या. पिसासारख्या हलक्या, ना पोलाद ना पत्रा. पण दर बुधवारी त्याच धन्यांबरोबर जात. आगीत, अपघातात, लढाईत काम केलेली आणि मनाने थकलेली माणसे एका बाईंकडे जमत, धनीही तिथेच जात. आमच्या घरी त्यांना 'ऐकणाऱ्या बाई' म्हणत. चपला परत आल्या की मी तोंड फिरवून बसे. अकरा वर्षे आगीत मी गेलो, आणि मनातले बोलायला जाताना सोबत ह्यांची!

एका दुपारी धन्यांची लेक नवी सायकल घेऊन दारात आली. "बाबा, घंटी बघा माझी!" म्हणत तिने ती जोरात वाजवली. धन्यांनी माझ्यात उडी घेतली. त्यांच्या धक्क्याने सायकल कोसळली, लेकीचे कोपर सोलवटले, आणि धनी दारात उभे राहून ओरडले, "लंबू, मागे फिर!"

मी खूश व्हायला हवे होते. पण लेक जमिनीवर पडली होती आणि धन्यांना ती दिसतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सायकलला घंटी नव्हती.

"घंटी कुठे गेली गं?" धन्यांनी विचारले.

"काढून ठेवली. तुम्हाला त्रास होतो ना."

त्या बुधवारी धन्यांनी चपला पायात घातल्या आणि मला हातात घेतले. डावा भाऊ घरीच राहिला. काही बोलला नाही.

बाईंच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. धनी मला मांडीवर घेऊन म्हणाले, "शिट्टी झाली आणि मी पाठ फिरवून पळालो. लंबूला टाकून."

शेजारी सैन्यातून निवृत्त झालेले हवालदारकाका होते. त्यांनी मला उचलून उलटेपालटे केले. "काय रे, पळणाऱ्याचं काय भाजतं?"

"टाच," धनी पुटपुटले.

"मग ह्याची टाच धड कशी? नाक बघ, पार वितळलंय. हा आगीकडे तोंड करून भाजलाय, बाबा."

मला तर हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. शिट्टीनंतर धनी तीन वेळा आत वळले होते आणि सोबत्यांनी त्यांना कमरेला धरून ओढले होते. ते धन्यांच्याच आठवणीतून गेले होते. आता ते ढसाढसा रडले. बाईंनी पाणी दिले, घाई केली नाही.

काकांनी मला हुंगले आणि नाक मुरडले. "हा आतून कुजतोय की! वाळवला नाहीस?"

"वाळवायला ठेवला, तर तयार कोण राहणार?"

"केंद्रात पहाऱ्याला दुसरी जोडी, दुसरे जवान आहेत ना? आता पाळी त्यांची."

घरी येऊन धन्यांनी आमच्यावरची विजार काढली. लेकीने वर्तमानपत्रे कोंबली. "बाबा, केवढं खातो हा!" धनी हसले. फार दिवसांनी.

एका दिवसात काही सगळे बरे झाले नाही. पुढे किती बुधवार गेले, ते चपलांना विचारा. मी त्यांच्याशी बोलत नाही. मग एका सकाळी धन्यांनीच खणातून घंटी काढून सायकलला बसवली. लेकीने भीतभीत वाजवली. धनी दचकले. त्यांची नजर माझ्याकडे आली. मी तोंड उघडून तयारच होतो. पण त्यांनी निळ्या चपलांतले तळवे जमिनीवर घट्ट दाबले, बाईंनी शिकवला तसा संथ श्वास सोडला आणि म्हणाले, "वाजव अजून एकदा. जरा हळू."

इतका हेवा मला कधी वाटला नव्हता. तरी मी जागचा हललो नाही.

मित्रांनो, ओल्या बुटाला पहाऱ्यावर बसवू नका. आणि दुसऱ्यांसाठी धावून आलेले एखादे माणूस घंटेला दचकले, तर हसू नका. जवळ बसा, त्यालाही वाळायला सावली आणि वेळ द्या. त्या दिवसांत त्याच्या पायात साध्या चपलाच बऱ्या.

हे म्हणायला मला किती जड गेले, ते डाव्याला माहीत आहे.